वर कुठली बाजू?

सवत म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हाडामासाची बाई येत असेल. माझी सवत अडीच फूट लांब आणि अडीच फूट रुंद होती. हसा हसा, आधी मीही हसलेच होते. जरा दिव्याजवळ सरका, सांगते.

आमचं चित्रांना फ्रेम करून द्यायचं दुकान. हे लाकूड कापायचे, मी चित्र बसवायचे. एका दुपारी एक प्रौढ बाई चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन आली. "धाकट्या बहिणीनं काढलंय. गेली ती… साधी फ्रेम करा, नक्षी नको," एवढं बोलून ती निघून गेली.

चित्रात एकच फूल. तेही पुरतं नाही. इतकं जवळून काढलेलं की पाकळ्या चारही कडांबाहेर निघून गेल्या होत्या. देठ नाही, पान नाही. पांढऱ्यातून जांभळ्यात उतरत जाणाऱ्या घड्या, मधोमध काळोखा गाभा आणि त्यात पिवळे पराग. वर कुठली बाजू, तेच मला कळेना. चौरस चित्राची हीच पंचाईत असते.

यांनी ते उलटं केलं. पाठीवर एका कडेला काळ्या रंगात लिहिलं होतं, "वर".

"झालं काम," हे म्हणाले. ती बाजू वर धरून त्यांनी फ्रेम ठोकली, आणि त्या शब्दापुढे पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं. टांगणाऱ्याचा घोटाळा होऊ नये आणि काम कुणाचं तेही कळावं, म्हणून ही त्यांची कायमची पद्धत होती.

मग चित्र भिंतीला टेकवून हे समोर स्टुलावर बसले, ते उठेचनात. या माणसानं जन्मभर चित्रं फक्त मोजली. आमच्या लग्नाचा फोटो फ्रेम केला तेव्हा म्हणाले होते, "काच चांगली निघाली." आणि आता जेवण गार होत होतं तरी यांचं लक्ष नाही.

"काय एवढं आहे त्यात?" मी विचारलं.

"फूल नाहीच गं हे," ते हळूच म्हणाले. "आपण लांबून फूल म्हणतो आणि पुढे जातो. हिनं पुढे जाऊच दिलं नाही. ही घडी बघ, कुठे संपते सांग… संपतच नाही. पांढरा म्हणावा, तर त्यात निळा आहे, हिरवा आहे. किती वेळ बघत बसली असेल, एकटीच… मला कुणी इतक्या जवळून कधी बघितलं नाही."

हिनं! ओळख ना पाळख, आणि हिनं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांच्या बोटांत घुसलेली कुसळं रोज डोळे फोडून कोण काढतं? त्याहून जवळून आणखी काय बघायचं असतं? मी ताट आपटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात वास यायला लागला. फुलदाणीतलं पाणी बदललं नाही की येतो तसा. दुकानात फुलदाणी नव्हती. मग यांच्या कॉलरवर पिवळी पूड दिसली. बाकीच्या बायकांना लिपस्टिक सापडते, मला पराग सापडले. चित्रावर बोट फिरवून पाहिलं, तर रंग खडखडीत वाळलेला. गाभा मात्र कालच्यापेक्षा जरा मोठा वाटला…

हे घरी बोलेनासे झाले. आणि एकदा मागच्या खोलीतून यांचा आवाज आला, "आलो गं, आलो." मी हाक मारलीच नव्हती.

तेव्हा मी त्या बाईला फोन करून सांगितलं, चित्र आजच्या आज घेऊन जा. संध्याकाळी ती आली. हे मागे लाकूड कापत होते, करवतीचा आवाज येत होता. मी सहज चित्राची पाठ दाखवली.

"बहिणीनं लिहून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर वरची बाजू कळलीच नसती."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे बाजूचं नाही हो…" ती कुजबुजली. "दर वेळी तिचं लग्न ठरायचं आणि मोडायचं. शेवटी म्हणाली, आता माझं मीच ठरवते. म्हणून लिहिलं. वर म्हणजे… नवरा. पुढची जागा तिनं मोकळी सोडली होती. हे… हे नाव कुणाचं?"

मागची करवत थांबली.

मी खोडरबर उचलला.

"नका," बाईनं माझा हात धरला. "तिला खोडलेलं खपत नसे…"

मी कसली ऐकते! माझा नवरा आहे तो. घासघास घासलं. पेन्सिल पुसली गेली. खाली तेच नाव पिवळ्या रंगात होतं, बायकी गोल अक्षरात. बोट लावलं, तर रंग ओला.

पडदा सारून हे बाहेर आले. इतक्या खुशीत मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"अक्का, तुम्ही कधी आलात?" त्यांनी त्या बाईला विचारलं.

बाई मागे सरकली. "अक्का… फक्त तीच म्हणायची मला," एवढंच ती पुटपुटली आणि दाराबाहेर पडली.

"अहो…" मी म्हटलं.

हे माझ्याकडे वळले. गिऱ्हाइकाशी बोलतात तसं, अदबीनं बोलले. "माफ करा, आज लवकर बंद करतोय. आपण उद्या याल का?"

मला पाऊल उचलता येईना. त्यांनी चित्र बगलेत घेतलं, दिवा घालवला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मी आत होते. काचेतून दिसत होतं, ती बाई रस्त्याच्या पार टोकाला पळत चालली होती. दारात हे एकटेच. त्यांनी कडी लावली.

"चल गं," ते म्हणाले.

"आले," म्हणायला मी तोंड उघडलं. माझ्या आधीच कुणीतरी म्हटलं.