बाहीचे तीन तुकडे

"आज तीन वाजता त्याचा जामीन फेटाळतील. माझ्या सहीमुळे," मुलगी म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

वहिनींनी तिला रडू दिलं. बारा वर्षं खासगी तपास केल्यावर माणूस एवढं शिकतो. त्यांचे धाकटे दीर आणि मदतनीस भाऊजी पाण्याचा पेला घेऊन नुसतेच उभे होते. मुलीने तो घेतला तेव्हा तिच्या बोटांना स्पिरिटचा वास येत होता.

ती डीएनए प्रयोगशाळेत शिकाऊ विश्लेषक होती. नोकरीला चार महिने झाले होते आणि घरात कमावणारी ती एकटीच.

एका म्हातारीचा गळा आवळून खून झाला होता. गल्लीत दिसला म्हणून एका प्लंबरला उचललं. तो शपथेवर सांगत होता, की म्हातारीला त्याने कधी पाहिलंही नाही. पण तिच्या स्वेटरच्या बाहीवर त्याचा डीएनए निघाला.

"बाही तू कापलीस?"

"हो. तीन तुकडे. आधी खांद्याजवळचा, मग मनगटाजवळचा, शेवटी कोपराजवळचा."

"आणि डीएनए?"

"खांद्याच्या तुकड्यात भरपूर, मनगटाच्या थोडा, कोपराच्या अजिबात नाही."

"म्हणजे खांदा धरला नि मनगट पिरगळलं!" भाऊजी म्हणाले. "सरळ आहे की."

"सरळच आहे, भाऊजी. म्हणून तर टोचतंय."

तिघं प्रयोगशाळेत पोचले तेव्हा बारा वाजले होते. मुलीचे साहेब आधीच वैतागलेले होते.

"पोलीस डोक्यावर बसले होते, म्हणून सोमवारी प्लंबरच्या रक्ताचा कागदावर वाळवलेला नमुना आधी घ्यायला मीच सांगितलं. बाही मंगळवारी केली. दोन्हींची सरमिसळ होणार कशी? सोबत चालवलेली रिकामी नळीसुद्धा स्वच्छ निघाली."

"त्या नळीत काय घालता?"

"फक्त रसायनं. कापड नसतं. काही मिसळलं असतं तर तिच्यात दिसलं असतं."

सामान सांभाळणारे काका मात्र गप्पिष्ट निघाले.

"लाल दोऱ्याची कात्री पुराव्याला, निळ्या दोऱ्याची आरोपींच्या रक्ताला. कडक शिस्त! निळी शनिवारी धार लावायला दिली होती, बुधवारी आली."

"नवी का नाही मागवली?"

"तीन महिने लागतात हो! त्यात ब्लीचने पुसलं की गंजतात. मग साहेब ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जातात."

दीड वाजता वहिनी साहेबांच्या खोलीत बसल्या. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"सोमवारी निळी कात्री इथे नव्हतीच," वहिनी म्हणाल्या. "मग रक्ताचा नमुना कापला कशाने? लाल कात्रीने. मंगळवारी तिनेच बाही कापली."

"पण मधे पुसली असेल ना?" भाऊजी म्हणाले.

"पुसली, पण स्पिरिटने. ब्लीचने गंजली असती आणि बोलणी बसली असती. डीएनए जातो ब्लीचने. स्पिरिटने पातं नुसतं चकचकीत होतं."

"आणि रिकामी नळी?" साहेब गरजले.

"तिला कात्री लागतच नाही, साहेब. आता तुकडे बघा. पहिल्यात भरपूर, दुसऱ्यात थोडा, तिसऱ्यात काही नाही. प्लंबरचा हात बाहीवर फिरलाच नाही. कापता कापता कात्री स्वच्छ होत गेली."

भाऊजींनी कपाळावर हात मारला.

"मला बुधवारी कळलं," मुलगी म्हणाली. "निळी कात्री परत आलेली बघितली तेव्हाच. वाटलं, मॅडम कुणाची तरी दुसऱ्याची चूक शोधतील. देवाशपथ, तेवढ्यासाठीच आले होते."

"गप्प बस," साहेब हळूच म्हणाले. "पुढच्या महिन्यात तुझी नोकरी कायम व्हायची आहे. घरच्यांचा विचार कर."

तिने वहिनींकडे पाहिलं. वहिनींना तिची फार दया आली.

मुलीने टेबलावरचा कागद ओढला आणि कोर्टाला सगळं लिहून दिलं. सोमवार, मंगळवार, लाल कात्री, स्पिरिट. खाली सही केली.

"मी घेऊन पळतो," भाऊजी म्हणाले. "अजून तासभर आहे."

ते गेले तरी मुलगी उठली नाही. तिने दुसरा कागद ओढला.

"आता हा कशाला?" साहेबांनी विचारलं.

"चार महिने मी एका केसनंतर दुसऱ्या केसचा पुरावा त्याच कात्रीने कापतेय, साहेब. दर वेळी स्पिरिटनेच पुसून." ती लिहायला लागली. "माझ्या सहीने आणखी सहा जण आत आहेत. त्यांची नावं मला पाठ आहेत."