बाईंची काठी

तो टीव्ही बंद करा आधी. आणि तू, नातबाई, इकडे सरकून बस. मध्येच कुणाचा फोन वाजला तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो. ही ऐकीव गोष्ट नाही. शेजारच्या वायरमनच्या बाबतीत घडली आणि त्यानं ती मला इथेच, या ओट्यावर बसून सांगितली.

चौदा डिसेंबर, म्हणजे परवा. रात्रीचे पावणेबारा. टेकडीवरची सात नंबरची पवनचक्की बंद पडली म्हणून त्याला साइटवरून फोन आला. पॅनेलचा स्विच वर करून यायचं, अर्ध्या तासाचं काम. बायकोला म्हणाला, "कडी नको लावूस, आलोच." आणि मोटरसायकल काढून निघाला.

तुम्ही सुट्टीला येता आणि टेकडीचं ते टक्कल बघता. अरे, तिथे जंगल होतं! गावानं राखलेलं. चाळीस वर्षं रोज रात्री एका घरचा माणूस काठी घेऊन फेरी मारायचा. पहाटे खाली आला की काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवायची. ज्याच्या दारात काठी, त्याची ती रात्र. ना रजिस्टर, ना निरोप. सरपण कुणी किती न्यायचं, गुरं कुठे सोडायची, सगळं आपसात ठरलेलं.

मग पवनचक्क्या आल्या. माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही, वीज सगळ्यांनाच लागते. वरचं माळरान आम्ही हसत दिलं होतं. पण ती पाती केवढाली! ती वर चढवायला रुंद रस्ता हवा, आणि रस्त्याला नेमका झाडांचा उतार हवा. घरोघर संमतीचे कागद फिरले. कुणाला नोकरी, कुणाला ठेका. एकदा सही केल्यावर काठी कुठल्या तोंडानं घेणार? एकेक घर मागे सरलं.

उरल्या एकट्या बालवाडीच्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षरं गिरवायला लावलेली, वायरमनलाही. बाईंच्या पुढचं घर त्याचं. त्याला साइटवर नुकती नोकरी लागलेली. बाई पहाटे काठी त्याच्या दाराला टेकवायच्या, आणि हा पठ्ठ्या ती गुपचूप त्यांच्या दारात परत नेऊन ठेवायचा. एकोणीस रात्री बाई एकट्या फिरल्या. वय एकाहत्तर.

विसाव्या रात्री यंत्रं आली. बाई धापा टाकत खाली आल्या आणि वायरमनचं दार ठोठावलं. "बाळा, दार उघड रे. झाडं पाडतायत. चार माणसं उभी राहिली तरी थांबतील ते." यानं दिवा बंद केला. श्वास धरून बसून राहिला.

बाई पुन्हा एकट्याच वर गेल्या. सकाळी त्या एका तोडलेल्या खोडाला टेकून बसलेल्या सापडल्या. अंग गार पडलेलं. काठी मात्र कुठेच मिळाली नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

हां, तर परवाची रात्र. पवनचक्कीच्या बुडाशी लोखंडी दार असतं. वायरमन आत शिरला. वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यानं दार आतून लावलं. स्विच वर केला. वर पाती फिरायला लागली. आता निघणार, तेवढ्यात बाहेर...

टक. टक. टक.

दगडावर काठी. सावकाश. एक फेरी. मग दुसरी. मग थांबली. दारासमोर.

"बाळा."

...

"दमले रे मी. दार उघड. एवढी काठी घे."

आणि काय केलं असेल त्या गाढवानं? दिवा बंद केला. पुन्हा! अंधार. श्वास धरलेला. आणि बाहेरही... कुणीतरी वाट बघत उभं.

उजाडल्यावर त्यानं दार उघडलं. कुणी नव्हतं. मोटरसायकल तिथेच टाकून पळत खाली आला. मला हे सांगितलं आणि दुपारच्या आत बायकोपोरांना घेऊन गाव सोडलं. शेजारी कुलूप का, ते कळलं आता?

नको, हसू नका त्याला.

काय म्हणालीस, नातबाई? यंत्रं आली त्या रात्री बाई फक्त त्याच्याच दारात आल्या होत्या का?

...

नाही.

त्यानं उघडलं नाही, म्हणून त्यांनी पुढचं दार वाजवलं. बराच वेळ वाजवलं. "भाऊ, तुम्ही तरी चला." आतला माणूस जागा होता. कागदावर त्याचीही सही होती. तुझी आजी ओ देईल म्हणून त्यानं तिच्या तोंडावर हात दाबून धरला.

वायरमनच्या पुढचं दार आपलं, पोरी. मी नाही उघडलं.

आज पहाटे उघडलं. चौकटीला काठी टेकलेली होती. ती बघ, कोपऱ्यात उभी केलीय. हात लावू नकोस, नुसती टॉर्च मार. खाली टोकाला ओली माती आहे. मातीत एक हिरवंगार पान चिकटलंय.

वर टेकडीवर एकही झाड उरलेलं नाही.