चढावरचा दुसरा ब्रेक

या, जरा सरकून बसा माझ्याजवळ. एक गोष्ट सांगते. गोष्ट म्हणते खरी, पण यातला शब्द न् शब्द घडलेला आहे. देवापुढे सांगावी लागेल तशीच तुमच्यापुढे सांगतेय.

गेल्या थंडीतली संध्याकाळ. लायसन्स ऑफिसच्या मागचा परीक्षेचा ट्रॅक. आमचा नंबर सगळ्यात शेवटी होता. दिवे लागायची वेळ झाली होती.

गाडी आमच्याच ड्रायव्हिंग स्कूलची. स्कूल माझ्या नवऱ्याने काढलेलं. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीसुद्धा. ते तापाने गेले आणि शिकवणाऱ्याच्या सीटवर मी बसायला लागले. त्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तो दाबला की शिकणाऱ्याचाही ब्रेक आपोआप खाली जातो.

लोकांची पोरं रस्त्यावर सोडताना माझी कधी पापणी लवली नाही.

पण त्या संध्याकाळी स्टिअरिंगवर माझी लेक होती. नुकती अठरा पूर्ण झालेली.

आधी ती दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा चढावर. गाडी गचका खाऊन बंद पडायची.

लोकांना वाटलं, पोरगी घाबरते.

घाबरत होते मी.

पहिल्या वेळी माझा पाय त्या ब्रेकवर आपसूक गेला, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या वेळी... मुद्दाम दाबला. मागे बसलेल्या, परीक्षा घेणाऱ्या साहेबांना कळू नये, इतकाच. आणि घरी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "होईल गं, घाई काय आहे?"

कुठल्या तोंडाने म्हटलं, देव जाणे.

घाई होती. औषधांच्या गोदामात तिला व्हॅन चालवायचं काम मिळालं होतं. मालक या परीक्षेपर्यंतच थांबणार होते.

"बाई," मागून साहेब म्हणाले, "स्कूल तुमचं, गाडी तुमची, पोरगी तुमची. आजही नाही जमलं तर पाटी उतरवा बुवा."

"आज जमेल, साहेब," लेक म्हणाली. माझ्याकडे न बघता.

चढ आला. तिने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला.

चढापलीकडून मोठा रस्ता जात होता. ट्रकांचे दिवे... एकामागून एक.

माझ्या ओठांवर देवाचं नाव होतं आणि पाय ब्रेकवर.

तिने हँडब्रेक सोडला.

मी दाबला...

ब्रेक खाली गेला नाही.

पुन्हा दाबला. सगळा जोर लावून.

इंजिनाचा आवाज कुठेतरी लांब गेला. साहेबांचं पेन वाजत होतं, तेही ऐकू येईना. आणि ब्रेकच्या खालून... काहीतरी वर रेटत होतं.

पाय होता तो.

माझ्या पायात बूट होता, तरी कळलं. अनवाणी पाय. गार. ब्रेक खाली जाऊ नये म्हणून आतून लावून धरलेला.

मास्तर शिकवताना चप्पल काढूनच बसायचे.

मी खाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. फक्त रबरी मॅटवर टाच रुतावी तसा एक खळगा...

बघता बघता तो भरून आला.

मान वर केली तेव्हा गाडी चढ ओलांडून सपाटीवर आली होती.

"पास," साहेब म्हणाले. "बाई, पाणी प्या. परीक्षा तिची होती, घाम तुम्हाला फुटलाय."

फाटकाबाहेर आम्ही दोघीच राहिलो.

"आई, मला माहीत होतं."

"काय?"

"दोन्ही वेळा ब्रेक माझा पाय नसताना आपोआप खाली गेला. एवढं कळत नाही होय मला?"

मी म्हटलं, "मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करू? तुझं लायसन्स गेलं असतं. स्कूल बंद पडलं असतं." मग तिने माझा हात धरला. "जाऊ दे ना. आज नाही दाबलास. आज विश्वास ठेवलास माझ्यावर."

ती रडत होती. आनंदाने.

मी... हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एकटीच गॅरेजला गेले. मेकॅनिक गाडीखाली शिरला, दोन्ही ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहिले.

"लोण्यासारखा चालतोय, वहिनी. कुठे अडकतो म्हणता?"

मी पैसे दिले आणि गाडी घेऊन निघाले.

आता ती रोज व्हॅन घेऊन जाते. मी रोज शिकवते. ब्रेक व्यवस्थित चालतो. पण त्यावर पाय ठेवला की अजून वाटतं... खाली कुणीतरी आहे, आणि मी आता काय करते ते बघतंय.

लेकीला मी अजून खरं सांगितलेलं नाही.

तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या मास्तरांची आठवण काढा. त्या संध्याकाळी पोरीवर विश्वास त्यांनी ठेवला. नाव मात्र माझं झालं.