रिकाम्या काट्यावरचे पंचेचाळीस किलो

यातला एकही आकडा मी वाढवून सांगत नाही. ज्या मावसबहिणीच्या बाबतीत हे घडलं, त्या ममतालाही आकडे वाढवायची सवय नाही.

डिसेंबर २००६. बोरी अरबजवळची, कापसातली सरकी काढायची एक जिनिंग. नाव सांगत नाही.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

दुपारचे चार. लख्ख ऊन.

त्या वर्षी कापसाची आवक निम्म्यावर आली होती. मालकानं खर्च वाचवायला जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर फुकटची लिनक्स सिस्टीम टाकली. पण गाड्यांच्या वजनकाट्याचं कार्ड त्या लिनक्सला ओळखता येईना. दोघांमध्ये दुभाष्या हवा होता. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

ममता यवतमाळात काटे दुरुस्त करणाऱ्या दुकानात नोकरीला होती. ड्रायव्हर तिनं स्वतः लिहिला. कुणाच्या हातून चुकून निघू नये म्हणून तो वेगळा ठेवला नाही. सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच मिसळून बिल्ड केला, म्हणजे सगळं नव्यानं बांधून घेतलं. पहिला बिल्ड चार तास चालला. मध्ये दोनदा लाइट गेली.

शेवटी स्क्रीनवर शून्य आलं. कापसाची पहिली गाडी अचूक मोजली गेली.

चार वाजता काटा रिकामा होता.

आणि स्क्रीनवर...

वीस.

मग पंचेचाळीस.

मिनिटभरानं पुन्हा शून्य.

ममताला वाटलं, नॉइज असेल, विजेची गडबड. दुसऱ्या दिवशी चारच्या आधी तिनं काट्याची केबलच काढून हातात धरली.

वीस... पंचेचाळीस.

नॉइज असा येत नाही. असं माणूस येतं. आधी एक पाय ठेवतं, मग दुसरा.

काट्याची वजनं लिहिणारा देवीलाल मागे उभा होता.

"काही बिघडलं नाई, मॅडम. भुरीबाई आहे थे."

"कोण भुरीबाई?"

"कापूस भरे इथं. चारचा चहा झाला की साऱ्या बाया गंमत म्हणून काट्यावर चढत. ही सगळ्यात शेवटी. 'देवीलाल, पाह्य बरं, भरली का मी दोन क्विंटल?' अन् काटा दाखवे पंचेचाळीस. रोज."

"मग?"

"गेल्या जानेवारीत अशीच चढली, उतरली. गेटातून बाहेर निघताना कोणी पाह्यली नाई. हजेरीत त्या दिवसाची खूणच नाई. ऑफिस म्हणते, आलीच नव्हती."

"तुम्ही तर पाहिली होती ना? मग सांगितलं का नाही?"

"माह्या घरी बी लेकरं आहेत, मॅडम."

ही गोष्ट जवळच्या बंजारा तांड्यावर पोचायला एक रात्र पुरली. सकाळी भुरीबाईचा नवरा रामसिंग गेटाशी हजर.

"मॅडम, तांड्यात लोक म्हणतात, पळून गेली. पोरीची सगाई दोनदा मोडली माह्या. उद्या चार वाजता आमच्या तांड्याच्या नायकाले घेऊन येतो."

"काका, तो नुसता आकडा आहे. पुरावा नाही."

"पुरावा कोण मांगून राह्यलं? ती इथं आलती, एवढं त्याईनं एकदा डोळ्यानं पाहावं. बस."

ममतानं नाही म्हटलं नाही. रामसिंगनं त्याचा अर्थ हो असा घेतला.

संध्याकाळी मॅनेजर मारोतरावांनी तिला बोलावलं.

"काय वो बाई, काटा बसवला का देवघर? मजूर पाया पडून राह्यले तिथं! पन्नासच्या खालचं सारं शून्य करून टाक. पन्नास किलोची बैलगाडी पाह्यली कधी तू?"

बोलणं चुकीचं नव्हतं. बारीकसारीक थरथर सगळेच ड्रायव्हर शून्य धरतात. पण पाच किलोपर्यंत. पन्नास नाही. हे ममताला माहीत होतं. रामसिंग उद्या येणार, हेही.

तिनं ड्रायव्हरमध्ये तशी एक ओळ घातली. बिल्ड केलं. मशीन पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी नायक आला. सोबत दोन म्हातारे. रामसिंगनं धुतलेला सदरा घातला होता.

चार वाजले.

रिकाम्या काट्याची लोखंडी पाटी वाजली...

ठक.

मग पुन्हा...

ठक.

सगळ्यांनी ऐकलं. देवीलालनं डोळे मिटले.

स्क्रीनवर शून्य.

नायकानं स्क्रीनकडे बोट केलं. "पाटी काय, उन्हानं बी वाजते रामसिंग. आकडा तं नाई."

मारोतराव हसले. रामसिंग स्क्रीनकडे बघतच नव्हता.

तो ममताकडे बघत होता.

त्याच संध्याकाळी तिनं ती ओळ काढली आणि नव्यानं बिल्ड केलं. दुसऱ्या दिवशी चारला ती काट्यासमोर बसली. सव्वाचार झाले. साडेचार झाले.

शून्य.

पाटीसुद्धा वाजली नाही.

"गेली," देवीलाल हळूच म्हणाला.

ममता तशीच तांड्यावर गेली. नायकासमोर सांगायचं होतं, शून्य मी केलं म्हणून. रामसिंगच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पोरीला घेऊन सकाळीच ऊसतोडीला गेला. कुठं, ते सांगून गेला नाही.

ती एसटीनं यवतमाळला परतली. स्टँडबाहेर जाड चष्म्याचा एक म्हातारा रुपयात वजन करून द्यायचा. का कोण जाणे, ती त्याच्या काट्यावर चढली.

तिचं वजन बावन्न.

काटा थरथरत पुढे गेला... सत्त्याण्णववर थांबला.

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. आकड्याकडेच बघत करवादला, "एकेकीनं चढा नं, बाई. दोघी दोघी काहून चढता?"

ममता खाली उतरली.

काटा मागे आला...

पण शून्यावर नाही.

"हं, आता बराबर," म्हातारा म्हणाला. "पंचेचाळीस. द्या रुपया."

ममतानं दोन रुपये दिले.

हे तिनं मला एकदाच सांगितलं. सुट्टी लागली की ती अजून ऊसतोडीच्या अड्ड्यांवर रामसिंगची चौकशी करत फिरते. काट्यावर मात्र कधी चढत नाही. दवाखान्यातही नाही. "बावन्न लिहा," म्हणते.

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चौघांचीच सोय आहे. मागच्या महिन्यात ममता आली होती. आम्ही तिघी आत शिरलो. ममता शेवटी, चौथी.

जास्त वजनाची घंटा वाजायला लागली.

ममता बाहेर पडून जिन्यानं चढायला लागली.

मी लिफ्टमध्येच थांबले. तिच्यामागे जायचं धाडस झालं नाही.