दहाच्या आतलं ‘ठीक’

त्या केंद्रात सगळे तिला ताई म्हणत. अकरा वर्षं ती एकाच खुर्चीत बसून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची राखण करत होती. कुणाच्या गळ्यात लाल बटण, कुणाच्या मनगटावर, कुणाच्या बाथरूममध्ये ओढायची दोरी. माणूस पडलं की आपोआप बोंब ठोकणारं यंत्रही त्या लाल बटणातच होतं. शिवाय प्रत्येकाच्या उशाशी एक हिरवं बटण. रोज सकाळी दहाच्या आत ते दाबलं की ताईच्या पडद्यावर नावापुढे ‘ठीक’ उमटे. नाही उमटलं तर फोन करायचा, फोन उचलला नाही तर माणूस पाठवायचा. नियम साधा होता.

तिचे बाबाही त्याच यादीत होते, आणि नियमांशी त्यांचं जन्माचं वाकडं. लाल बटण त्यांनी पहिल्याच दिवशी खुंटीला टांगलं. “गळ्यात घंटा बांधायला मी काय गाय आहे?” हिरवं तर हमखास विसरत, आणि ताईचा फोन गेला की चिडत. “जिवंत आहे गं! रोज काय हजेरी घेतेस?” शेवटी तिनं ती कटकटच मिटवली. दहा वाजले की त्यांच्या नावापुढचं ‘ठीक’ ती स्वतःच टाकू लागली.

त्या मंगळवारीही टाकलं. संध्याकाळी ती जेवण घेऊन गेली, तेव्हा बाबा बाथरूमच्या दारात पडले होते. अंग गार झालं होतं आणि नळ वाहत होता.

“घसरले आणि गेले,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना कळलंसुद्धा नसेल.” या एका वाक्यावर ताई तग धरून होती. जेवायला बसली की ती तेच मनात घोकायची. कळलंसुद्धा नसेल.

महिन्याभरानं एका सकाळी, नऊ चाळीसला, बाबांच्या नावापुढे ‘ठीक’ उमटलं.

ती उठून केंद्रातल्या मेकॅनिकच्या टेबलाशी गेली. “बाबांच्या हिरव्या बटणातला सेल काढलाय ना?”

त्यानं कपाटातून ते बटण काढलं, मागचं झाकण उघडून दाखवलं. आत काहीच नव्हतं. “यादीत गोंधळ असेल ताई. नाव काढून टाकू?”

“राहू दे,” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ चाळीस. मग रोजच. जिवंतपणी कधी इतके वेळेवर वागले नाहीत, असं म्हणत ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. खरं तर भीती वाटायला हवी होती. पण तिला बरं वाटत होतं. बाबा आपल्यावर रागावलेले नाहीत, असंच ती धरून चालली.

एक दिवस ‘ठीक’ आलं नाही.

पावणेदहा झाले. दहा झाले. तिचं बोट सवयीनं स्वतःच ‘ठीक’ टाकायला पुढे गेलं आणि तिथंच थांबलं.

तिनं फोन उचलला. घर केव्हाच रिकामं केलं होतं, तिथला फोन तिनं स्वतः बंद करून घेतला होता. तरी पलीकडे घंटा वाजू लागली.

नवव्या घंटेला कुणीतरी उचलला. मागे पाणी पडत होतं.

“बाबा?”

मग त्यांचा आवाज आला. दमलेला, पण जराही राग नसलेला.

“केलास फोन, बरं झालं. त्या दिवशी चार वाजेपर्यंत वाट बघत पडलो होतो गं.”