मगरीचे डोळे मिटलेले होते

माझं पहिलं प्रेम माझ्या पायाखाली आलं, पोरी. अगदी खरोखरचं पायाखाली! मेंदूच्या दुखण्यानं हातपाय आखडलेल्या मुलांच्या केंद्रात मी व्यायाम घ्यायचे. घाईघाईत एका खोलीत शिरले, नि जमिनीवर पालथ्या पडलेल्या माणसाला अडखळून धाडकन आपटले. माणूस केवढा लांब! डोकं एका गावात, बूट पुढच्या गावात.

"हळू... मगर झोपलीय," तो डोळे न उघडताच म्हणाला.

"मगरीला कामधंदा नाही वाटतं?"

"हेच काम. खेळातून उपचार. आणि तुम्ही त्या वीस उठबशांवाल्या हवालदारबाई ना?"

झालं! तिथून जुंपली ती जुंपलीच. भांडणाचं कारण ठकी. पाच वर्षांची, पाय लाकडासारखे ताठ, जीभ मात्र कात्रीसारखी. मी म्हणायचे, पायांना पट्ट्या बांधा, वीसदा उभं करा, रडली तरी. तो म्हणायचा, आधी तिला कुठंतरी जावंसं वाटू दे, पाय येतील मागून.

"रडवून चालायला शिकवणार?"

"आणि तू काय, लोळून?"

"मला चक्क 'तू' म्हणालीस!" तो हसला. बाहेर पाऊस भुरभुरत होता... आणि माझे कान इतके लाल झाले, की ठकी ओरडली, "बाईंना ताप आला!"

ठकीला आठवड्यातून दोनदाच आणता यायचं, दोन्ही पद्धतींना वेळ पुरेना. केंद्राच्या मोठ्या बाईंनी ठरवलं, शुक्रवारी तिला बघू आणि एकच पद्धत ठेवू.

"शुक्रवार झाला की तुला एक विचारायचंय," तो म्हणाला.

"आत्ताच विचार की."

"नको. आत्ता तू वाद घालशील."

गुरुवारी मी त्याच्या खेळाच्या खोलीच्या दारातून डोकावले. मगर डोळे मिटून पडलेली. खेळाचा नियमच तो. ठकीनं भिंतीचा कठडा सोडला. पट्ट्या नाहीत, आकडे नाहीत. एक... दोन... तीन... चार पावलं! नि मगरीच्या पाठीवर धपकन पडली. त्याला वाटलं, नेहमीसारखी रांगत आली. ठकीला मगर पकडायची घाई. आपण चाललो हे तिच्या गावीही नव्हतं. पाहिलं ते फक्त मी.

शुक्रवारी इतकी माणसं बघून ठकी त्याच्यापाशी हललीच नाही. माझ्यापुढं मात्र मुकाट वीसदा उभी राहिली.

"हिला कुणी आपणहून चालताना पाहिलंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मी... पट्टी गुंडाळत राहिले. जिंकायची भूक फार वाईट गं. खेळाची खोली बंद करायचं ठरलं. त्याला सोमवारपासून दुसरं केंद्र.

जिन्याखाली मी त्याला गाठलं. "ती चालली होती. काल. चार पावलं... मी पाहिली."

त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "आधी कुठला पाय?"

"उजवा."

"उजवा! मला वाटलंच होतं!" डोळे भरून आले त्याचे. मग ते डोळे हळूहळू माझ्यावर येऊन थांबले. "म्हणजे मघाशी, वर... तुला माहीत होतं?"

"मला जिंकायचं होतं," मी कशीबशी म्हणाले. "आणि... मला तूही हवा होतास."

"आणि ठकीला काय हवं होतं?"

"चल, वर जाऊन सांगू," मी त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवून घेतली. हळूच, मुलाच्या हातातून काचेची वस्तू काढून घेतात ना, तशी.

"मी सांगतो," म्हणाला, नि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला.

ठकीच्या आईचा हुंदका मला खालपर्यंत ऐकू आला. मग मोठ्या बाईंचा आवाज : खोली राहू दे, दोघांनीही शिकवा तिला. मी तिथंच उभी राहिले, तो काय विचारणार होता ते ऐकायला.

तो उतरला गं... पण मागच्या जिन्यानं.