संक्रांतीचा हिरवा डोंगर

"डोंगरावरचं लाकूड म्या विकलं असंन, तर माझ्या घरावर दगड मारा!" दारातूनच मंजुळाबाई कडाडल्या.

खासगी तपास करणाऱ्या उत्तरेश्वरांनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. उत्तरेश्वरांचा कामातला जोडीदार धोंडीराम दचकून उभा राहिला, तो बराच वेळ उभाच राहिला.

मंजुळाबाई लिंबागणेशजवळच्या वस्तीवरील, डोंगर राखणाऱ्या वृक्ष सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. दुष्काळी २०१६ सालच्या त्या उन्हाळ्यात संस्थेच्या दारावर कुणीतरी निनावी फ्लेक्स टांगला होता. एकाच डोंगराचे दोन फोटो. 'संक्रांत २०१२' गर्द हिरवा, 'संक्रांत २०१६' उघडाबोडका. खाली सवाल, 'लाकूड कुणी खाल्लं?' संध्याकाळच्या सभेत बाईंचं पद जाणार होतं आणि डोंगर शेजारच्या संस्थेकडं.

उत्तरेश्वर आधी डोंगर फिरून आले. झाडं निष्पर्ण होती, पण कापलेला बुंधा एकही नव्हता. मग ते फ्लेक्ससमोर उभे राहिले. पायथ्याची वस्ती दोन्ही फोटोंत होती. पहिल्यात ओट्यांवर बाया, पोरं, चुलींचा धूर. दुसऱ्यात दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या.

"झाडं गेली बे, सरळ दिसतंय," धोंडीराम म्हणाला. त्याला नेहमीच सरळ दिसायचं.

पहिला संशय वस्तीवरच्या केशरबाईवर. फांदी तोडली म्हणून बाईंनी तिला भर सभेत झापलं होतं.

"राग लई हाय," ती म्हणाली. "पर फोटो म्या कवा काढू? संक्रांतीचं वाण आमी समद्याजणी कारखान्यावर, उसाच्या फडात लुटतो."

दुसरा रामहरी, ऊसतोड टोळीचा मुकादम. अध्यक्षपदावर त्याचा डोळा होता.

"खुर्ची पायजेच मला, खोटं कावून बोलू? पर हे काम माझं न्हाई. दसरा झाला की दारांना काट्या लावून अख्खी वस्ती घेऊन निघतो, गुढीपाडव्याला येतो."

तिसरे आसारामदादा. बागायतदार, शेजारच्या संस्थेचे अध्यक्ष, खडी केंद्राचे मालक. त्यांच्या खाणीतला दगड संपत आला होता. भिंतीवर ब्राझील आणि कोस्टारिका या देशांच्या जंगलांचं मोठं चित्र होतं.

"संस्थेच्या प्रशिक्षणात दिलं," दादा मिशीत हसले. "ब्राझीलचं जंगल घटत गेलं, कोस्टारिकाचं घटून पुन्हा वाढलं. मात्र तुलना करताना दोन्ही साली महिना एकच पायजे. पावसाळा आणि उन्हाळा शेजारी ठेवला तर सगळंच खोटं."

"बरोबर," उत्तरेश्वर म्हणाले आणि चहा न पिताच उठले. धोंडीरामनं दोन्ही कप संपवले.

सभेत फ्लेक्स समोर टांगला होता. मंजुळाबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"सगळ्यांनी डोंगर पाहिला, घरं कुणी पाहिली नाहीत," उत्तरेश्वरांनी सुरुवात केली. "संक्रांतीला ही वस्ती फडात असते, दारांना काट्या असतात. दुसरा फोटो तसाच आहे, तो खरा. मग पहिल्यात चुली कशा पेटल्या?"

सभेत कुजबुज सुरू झाली.

"कारण तो पावसाळ्यातला आहे. हिरव्या डोंगराशेजारी पानगळीचा डोंगर ठेवला. एक झाड न तोडता जंगल गायब!"

"पर केलं कुणी?" रामहरी ओरडला.

"महिना एकच लागतो हे ज्याला ठाऊक होतं, त्यानं. म्हणून दोन्हींवर संक्रांत छापली. पण केशरबाईनं किंवा तुम्ही छापली असती, तर हा फोटो निवडलाच नसता. संक्रांतीला वस्ती रिकामी असते हे इथल्या पोरालाही कळतं. ते न कळणारा माणूस एकच, ज्याला खडीसाठी हा डोंगर हवाय."

सगळ्यांच्या नजरा आसारामदादांकडं वळल्या. दादांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

मंजुळाबाई उठल्या. आता त्यांचा आवाज चढला नाही.

"दादा, वीस वर्सं झाली, रोज आमच्या दारावरून जीप नेता. पाच-सहा महिने ती दारं बंद असत्यात. एकदा बी दिसलं न्हाई व्हय?"

डोंगर संस्थेकडं आणि पद बाईंकडंच ठेवायचा ठराव पुकारला, तेव्हा पहिला हात रामहरीनं वर केला.